सगळ्यात मंद गतीचा डाव

माझा भाऊ आंब्याच्या झाडावरून पडला, त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला मी एक जुना लॅपटॉप घेऊन कुणकेश्वरला गेले. पडला तो एप्रिलात, ऐन काढणीत. आंबे उतरवताना काठीला लावलेला जाळीचा झेला पोचेना म्हणून तो एका फांदीवरून पुढच्या फांदीवर गेला आणि ती फांदी मोडली. पाठीच्या मण्याला मार बसला. तीन महिने इस्पितळात काढून घरी आला तेव्हा कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. वहिनीने पडवीतली खोली रिकामी करून खिडकीशी खाट लावली होती. खिडकीतून कलमांची पुढची ओळ दिसायची. तो पडला ते झाड मागच्या अंगाला होतं, तिथून ते दिसत नसे. वहिनीने खाट मुद्दाम त्या बाजूला लावली असावी, पण आम्ही कधी विचारलं नाही.

राखी बांधून झाली आणि मी लॅपटॉप त्याच्या पोटावरच्या पाटावर ठेवला. तो म्हणाला, हे कशाला? मी म्हटलं, जुना गेम घातलाय, आपला. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं. मग उजवा हात पुढे केला. हात दोन्ही शाबूत होते, एवढं देवाने ठेवलं होतं.

आपला म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीचा. तेव्हा दादा मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. बाबा गेले आणि बाग बघायला तो परत आला, येताना सुटे भाग जोडून केलेला एक कॉम्प्युटर घेऊन आला. मी तेव्हा कॉलेजात. पावसाळ्यात बागेत फारसं काम नसे, तेव्हा दुपारी आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने हा गेम खेळायचो. सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो. प्रत्येकाकडे एक वसाहतीची टोळी आणि एक सैनिकांची तुकडी. टोळीने शहर वसवायचं, शहराने हळूहळू माणसं वाढवायची, कोठारं, देवळं, तटबंदी बांधायची, नवी विद्या शिकायची, आणखी शहरं वसवायची. एकाने आपल्या सगळ्या हालचाली केल्या की त्याची खेळी संपली, मग दुसऱ्याची. या गेमला वेग ठरवता येतो. आम्ही कायम सगळ्यात जलद वेग ठेवायचो, कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नसे. लाइट गेली की त्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं जायचं. दोन तासांत जग जिंकायचं किंवा हरायचं. त्यामुळे मला एक सवय लागली. आहे त्या जागेवर पहिलं शहर वसवायचं, लगेच कोठार आणि मोठं देऊळ बांधायला घ्यायचं, सैनिक नंतर. जलद वेगात ते चालून जायचं. शत्रू चालत येईपर्यंत माझं शहर दुप्पट झालेलं असायचं. मी बहुतेक वेळा जिंकायचे.

मग माझं लग्न झालं, मी कुडाळला आले. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, पेशी मोजायच्या. गेम वगैरे कधीच सुटलं होतं.

त्या पौर्णिमेला दादाने गेम उघडला आणि वेग निवडायच्या जागी सगळ्यात मंद तो निवडला. मी म्हटलं, अरे, असा डाव महिनाभर चालेल. तो म्हणाला, चालू दे.

तो पहिला डाव मी अगदी वाईट हरले. जुन्या सवयीने जागच्या जागी शहर वसवलं आणि देऊळ बांधायला काढलं. कोपऱ्यात आकडा आला, देवळाला पंचेचाळीस खेळ्या लागतील. मला वाटलं, लागू देत. दादाने तर शहरच वसवलं नाही. त्याची टोळी सहा खेळ्या नुसती चालत होती. मी त्याला हसले. सातव्या खेळीला तो एका नदीच्या मुखाशी पोचला, दोन्हीकडे सुपीक जमीन, मागे डोंगर. तिथे त्याने शहर वसवलं आणि देऊळ नाही, कोठार नाही, दोन टेहळे तयार करायला घेतले. माझं देऊळ निम्मंही झालं नव्हतं तेव्हा काळ्या नकाशातून लुटारूंची एक टोळी आली आणि माझी एकुलती एक तुकडी मारून गेली. नवी तुकडी तयार व्हायला अठरा खेळ्या. तेवढ्यात दुसरी टोळी आली.

मी चिडले. लॅपटॉप त्याच्याकडे सरकवून म्हटलं की हा गेम बिघडलाय.

"बिघडलो नाय गो," दादा म्हणाला. "तू अजून लाइट जाईत म्हणान खेळतंस. ह्या वेगात बांधूक तिप्पट दिस लागतत, शिकाक तिप्पट दिस लागतत. पण माणसां चलतत ती पयल्यासारखीच. म्हणजे माणसांकच महत्त्व. एक मेलो तर परत मिळाक किती दिस, बघ."

नंतर त्याने मला ते नीट समजावलं. तो मुंबईच्या दुकानात गिऱ्हाइकाला समजवायचा तशा आवाजात. जलद डावात सहा खेळ्या चालण्यात घालवल्या तर डावाचा मोठा तुकडा गेला. मंद डावात सहा खेळ्या म्हणजे काहीच नाही, म्हणून चांगली जागा शोधायला चालत जायचं. जलद डावात टेहळा जग बघून येईपर्यंत काळ पुढे गेलेला असतो. मंद डावात तोच टेहळा पहिलं कोठार उभं राहायच्या आत अख्खा किनारा बघून येतो. म्हणून आधी टेहळे, मग सैनिक, मग दुसरी वसाहत, आणि मोठं बांधकाम सगळ्यांत शेवटी. आणि हाती असलेली एकही तुकडी वाया घालवायची नाही. जखमी झाली तर मागे घ्यायची, बसवून ठेवायची, बरी होऊ द्यायची.

तो बोलत होता आणि वहिनी आत आली. भिंतीवरच्या घड्याळात दोन तास झाले होते. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. आम्ही दोघींनी मिळून त्याला वळवलं. मग लॅपटॉपही दुसऱ्या बाजूला ठेवला.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी जवळजवळ दर रविवारी जायचे. सकाळच्या एसटीने देवगड, तिथून कुणकेश्वर. पाच-सहा तास खेळायचो, वीस-पंचवीस खेळ्या व्हायच्या. आई दारात बसून नारळ सोलायची किंवा नुसतीच बसायची. वहिनी बाग बघायची. फवारणीला माणसं लावणं, काढणी, पेट्या भरणं, सगळं आता तिच्यावर होतं. मधूनमधून येऊन ती दादाला वळवायची आणि विचारायची, कोण जिंकता? दादा माझ्याकडे बोट करून म्हणायचा, बाय जिंकता. ते खरं नसे. पण मी शिकत होते. दुसरा डावही मी हरले, पण खूप उशिरा. तिसऱ्या डावात मी माझी टोळी आठ खेळ्या चालवत नेली आणि दोन नद्यांच्या बेचक्यात शहर वसवलं. दादाने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या आठवड्यात लॅबमध्ये मी उगाचच खुशीत होते.

त्याच्या शहरांना तो बागेतल्या जागांची नावं द्यायचा. वरची घाटी, ओढ्याकाठची म्हणून व्हाळाकडली, खळ्यामागली. ज्या जागी आता तो जाऊ शकत नव्हता त्यांची. वहिनीने एकदा पडद्यावर ते वाचलं आणि ती तशीच बागेत गेली.

मग माझ्या घरच्या अडचणी सुरू झाल्या. मुलगी दहावीला आली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लॅबमधली माझ्या जोडीची मुलगी लग्न करून गेली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. रविवार चुकू लागले. दादानेच तोडगा काढला. गेम इंटरनेटवरून खेळता येतो, म्हणाला. तू तुझ्या घरून तुझी खेळी खेळ, ती इकडे येईल, मग मी खेळेन. त्याने नवा डाव मांडला, अर्थात सगळ्यात मंद गतीचा.

सुरुवातीला दिवसाला आठ-दहा खेळ्या व्हायच्या. जेवण झालं की मी दोन-तीन खेळायचे, सकाळी कामाला निघायच्या आधी एखादी. मग दिवसाला एक. मग दोन दिवसांनी. मंद डावात पुष्कळ खेळ्या अशा असतात की काहीच करायचं नसतं, तुकडी एक घर पुढे सरकवायची आणि खेळी संपवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. तेही माझ्याकडून होईना. माझी खेळी गेली की त्याची मात्र पाच-दहा मिनिटांत परत यायची, दिवसाच्या कुठल्याही वेळी.

एका सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग लागली होती. एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन खुर्चीतच कलले होते. त्यात दादाचा फोन आला. मला वाटलं घरी काही झालं. हातमोजा काढून मी फोन घेतला. तो म्हणाला, बाय, खेळी आसा तुजी. आठ दिस झाले.

"माका कामां आसत, दादा," मी म्हटलं. "तुझ्यासारखो येळ नाय माझ्याकडे."

तो "बरां" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी खेळी खेळले आणि खाली लिहिलं की सकाळी फार गर्दी होती. त्याने उत्तरात फक्त त्याची खेळी पाठवली. माफी मागावी असं वाटलं होतं, पण रविवारी जाऊन समोरासमोर बोलू असं मी ठरवलं. त्या रविवारी जाणं झालं नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा आई आजारी होती, तिच्याच धावपळीत दिवस गेला. नंतर तो विषय काढणं मला विचित्र वाटू लागलं. आणि त्याने पुन्हा कधीही मला खेळीची आठवण करून दिली नाही. पुढच्या तीन महिन्यांत मी सहा-सात खेळ्या खेळले असेन.

दिवाळीनंतर त्याला ताप आला. लघवीची नळी कायम असल्यामुळे जंतुसंसर्ग होतच असे, औषधाने उतरत असे. या वेळी उतरेना. वहिनीने देवगडला तपासलेल्या लघवीच्या रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, ह्याचा काय अर्थ? असे रिपोर्ट मी रोज लिहिते. मी तो दोनदा वाचला. जंतू ज्या औषधांना दाद देत नव्हते त्यांची यादी लांब होती, देत होते त्यांची अगदी लहान. मी लगेच फोन करून सांगितलं, आज म्हणजे आजच कणकवलीला न्या.

मी लॅबमधून परस्पर कणकवलीला गेले. त्याला दवाखान्यात दाखल केलं होतं. चेहरा उतरला होता, पण शुद्धीवर होता. मला बघून त्याने मुलीचा अभ्यास विचारला. मग वहिनीला सांगू लागला की थंडी पडली की मोहर फुटेल, फवारणीच्या माणसाला आताच सांगून ठेव. वहिनी म्हणाली, सांगितलंय. ती औषध आणायला खाली गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. माझी खेळी अकरा दिवस तशीच पडून होती. मला त्या फोनबद्दल बोलायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच की घरी गेले की आजच खेळी खेळते, दादा.

"खेळू नको," तो म्हणाला. त्याला दम लागत होता. "माझी बाजू कचाट्यात आसा. तू खेळलंस काय मी हरलंय. असांदे थोडे दिस तसाच."

मी हसले. तोही हसल्यासारखा झाला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, ते तापलेलं होतं. मग वहिनी आली आणि मी शेवटची बस गाठायला निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याला काही समजेनासं झालं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी तो गेला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आई आत झोपली होती. वहिनी आणि मी पडवीतल्या खोलीतली औषधं, नळ्या, हवेची गादी बांधत होतो. लॅपटॉप पाटावर तसाच होता. मी तो पुसला आणि विचारलं, हा कुठे ठेवू? वहिनी खाटेच्या कडेवर बसली. तिने मला दोष द्यायला ते सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. तिला त्याच्याबद्दल बोलायचं होतं, एवढंच.

"हे सकाळी उठले काय आधी ताच बघीत," ती म्हणाली. "तोंड धुवच्या आधी. खेळी इलेली नसली तर म्हणीत, ता कामात आसतला."

आमच्याकडे धाकट्या मुलीबद्दल असंच बोलतात, ती नव्हे, ता. मी बेचाळीस वर्षांची आहे. आईखेरीज मला 'ता' म्हणणारं माणूस आता उरलं नव्हतं. मी तिथेच रडले. वहिनी रडली नाही. तिने गादीची गाठ पुरी मारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दुपारी मी तिच्या परवानगीने लॅपटॉप लावला. माझ्या मोबाइलवरून माझी पडून राहिलेली खेळी खेळले. एक तुकडी एक घर पुढे, बस. लगेच त्याच्या लॅपटॉपवर त्याची खेळी उघडली आणि त्याची बाजू मला पहिल्यांदाच दिसली. इतके महिने मला फक्त माझ्या सीमेपर्यंतचं दिसत होतं. त्याची नऊ शहरं होती. माझी चार. सगळीकडे तटबंदी, कोठारं भरलेली, सुरुवातीचे दोन्ही टेहळे अजून जिवंत. एकही तुकडी जखमी नव्हती. त्याची बाजू कसल्याही कचाट्यात नव्हती. मनात आणलं असतं तर चार-पाच खेळ्यांत त्याने माझं राज्य संपवलं असतं, आणि ते पूर्वीच करता आलं असतं. तसं केलं असतं तर डाव संपला असता.

त्याची खेळी मी खेळले नाही. माझा हात तिथे गेला नाही. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला.

साधारण महिन्याने, लॅबमध्ये दुपारचा डबा खाताना मोबाइलवर संदेश आला की तुमची खेळी. मी डबा बाजूला सारला. उघडून बघितलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, समोरच्या खेळाडूने ठरलेल्या मुदतीत खेळी केली नाही, आता त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळेल. मी काही दिवस खेळले. का ते सांगता येणार नाही. शहरांची नावं तीच होती, वरची घाटी, व्हाळाकडली. पण कॉम्प्युटरला घाई होती. त्याने ते दोन टेहळे माझ्या तटबंदीवर सोडले, ते एका खेळीत मेले. खळ्यामागलीतले सैनिक काढून रानात पाठवले, आणि ते शहर लुटारूंनी घेतलं. मला दर खेळीला वाटायचं की दादा असं करणार नाही. मी डावातून बाहेर पडले. मोबाइलवर विचारणा आली, नक्की सोडायचं का? मी हो म्हटलं.

हे सगळं झालं त्याला आता वर्ष होऊन गेलं. बाग वहिनीच करते. यंदा आंबा उशिरा आला, पण आला. मी रविवारी जाते. मुलगी आता कॉलेजला आहे, सासूबाई चालतात, लॅबमध्ये दुसरी मुलगी मिळाली आहे. खरं सांगायचं तर तेव्हाही एखादा रविवार काढता आला असता. दिवसाला अर्धं मिनिट तर नक्कीच. त्या फोनवरचं बोलणं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

पडवीतल्या खोलीत आता आंब्याच्या पेट्या असतात. खाट वहिनीने गावातल्या एका म्हाताऱ्या आजारी बाईला देऊन टाकली. मी गेले की आम्ही दोघी तिथे जमिनीवर बसतो. ती आंबे निवडते, मी पेटीत पेंढा पसरते. आई दारात बसलेली असते, तिला आता नीट ऐकू येत नाही. चार वाजले की वहिनी उठून हात धुते, माझ्या पिशवीत चार आंबे घालते आणि म्हणते, ऊठ बाय, गाडी चुकात तुजी.